फर्मवेअर अपडेट झालं आणि वायफाय उडायला लागलं

राउटरच्या अपडेटबरोबर जी माहिती येते, ती बहुतेक वेळा दोन ओळींची असते: 'स्थिरता सुधारली. काही त्रुटी दूर केल्या.' आणि नेमकं त्यानंतरच दर तासाला वायफाय उडायला लागतं, प्रिंटर सापडेनासा होतो, आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. केबलवाल्याला फोन लावला की ठरलेलं उत्तर मिळतं: राउटर बंद करून चालू करा. केला की दोन तास बरं चालतं, पुन्हा तेच.

घर तेच, भिंती त्याच, अँटेनाही त्याच. बदललंय ते राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर, आणि ते तीन तऱ्हांनी बदलतं. काही सेटिंग नव्या आवृत्तीत आपोआप चालू होतात. आधी साठवलेल्या काही सेटिंगचा अर्थ नवं फर्मवेअर वेगळा लावतं. आणि कधीकधी रेडिओ चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, नवा येतो. पहिल्या दोन गोष्टी घरबसल्या दुरुस्त होतात. तिसरीवर आपला इलाज नाही, तिथे मागे फिरावं लागतं. त्यामुळे सगळा खटाटोप आपलं दुखणं कुठल्या जातीचं आहे हे ओळखण्याचा.

आधी तुटतंय कुठे ते बघा

लोक सरसकट 'नेट गेलं' म्हणतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: लॅपटॉप ते राउटर ही हवेतली वाट, आणि राउटरपासून पुढची फायबरची लाइन. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक आणि तिचं उत्तर); पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जो तुमच्याकडे असेल तो. दुसरीत ८.८.८.८, हा गूगलचा इंटरनेटवरचा सर्व्हर. दोन्हींच्या शेवटी डॅश आणि टी टाका, म्हणजे पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. मोबाइलवर हे करू नका. फोनचा रेडिओ झोपा काढत असतो, त्यामुळे आकडे उगाच वरखाली होतात.

नेट गेलं की दोन्ही खिडक्या बघा. राउटरचं पिंग व्यवस्थित चालू आणि फक्त ८.८.८.८ बंद, तर वायफाय निर्दोष आहे. ओएनटीचा डबा (फायबर ज्यात येऊन लागते तो) बघा, त्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला असेल तर लाइनमनला बोलवा आणि पुढचं वाचायचा त्रास घेऊ नका. राउटरचंही पिंग गेलं असेल तर खिडकीत काय लिहून आलंय ते वाचा. 'जनरल फेल्युअर'च्या ओळी दिसल्या तर लॅपटॉपचा वायफाय संबंधच तुटलाय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असेल तर लॅपटॉपच्या मते तो अजून जोडलेलाच आहे, पण उत्तर येत नाही.

मग राउटरच्या पानावर जाऊन अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. काल अपडेट झालं आणि अपटाइम दाखवतोय बारा मिनिटं, तर वायफाय तुटत नाहीये, अख्खा राउटर रीबूट होतोय. अशा वेळी अपडेटला शिव्या देण्याआधी अडॅप्टर तपासा. मूळचा १२ व्होल्ट २ अँपियरचा खराब झाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून १२ व्होल्ट १ अँपियरचा आणलेला असतो. पिन तीच, त्यामुळे बसतो छान, पण दोन्ही बँडवर (वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर) एकदम काम आलं की व्होल्टेज खाली येतं आणि राउटर गुडघे टेकतो. राउटरच्या तळाच्या लेबलवर किती अँपियर हवेत ते छापलेलं असतं. अडॅप्टर तितक्याचा किंवा त्याहून जास्त अँपियरचा चालतो, कमीचा नाही. व्होल्ट मात्र तेच हवेत.

विंडोजमध्ये आणखी एक कामाची गोष्ट आहे जी फार कुणी वापरत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली, की गेल्या तीन दिवसांचा वायफायचा पूर्ण अहवाल ब्राउझरमध्ये उघडता येतो. कधी जोडलं, कधी तुटलं, कुणी तोडलं, सगळं वेळेसकट. राउटरच्या सिस्टिम लॉगमध्येही तुटण्याशेजारी 'रीझन' म्हणून आकडा असतो. तो सोडून देऊ नका. ४ म्हणजे उपकरण गप्प बसलं म्हणून राउटरने काढून टाकलं. १५ म्हणजे जोडताना चाव्यांची देवाणघेवाण अर्धवट राहिली. पासवर्ड चुकला किंवा सुरक्षेचा प्रकार जुळला नाही. १६ म्हणजे सामायिक चावी बदलताना गडबड झाली. ३ किंवा ८ असेल तर उपकरण स्वतःच निघून गेलंय.

घड्याळ लावून तुटत असेल तर

तुटण्याच्या वेळा कागदावर लिहा. १०:१४, ११:१४, १२:१४ असं दिसलं तर बहुतेक वेळा दोषी एकच: ग्रुप की रीन्यूअल. घरातल्या सगळ्या उपकरणांना एकत्र पाठवल्या जाणाऱ्या संदेशांसाठी एक सामायिक चावी असते, आणि राउटर ती ठरावीक वेळाने बदलतो. बऱ्याच राउटरवर ही वेळ ३६०० सेकंद असते. नवी चावी वाटली जात असताना फोन किंवा स्मार्ट बल्ब झोपलेला असला आणि त्याने वेळेत पोच दिली नाही, तर राउटर त्याला बाहेर काढतो. जुनं फर्मवेअर चार वेळा विचारत असेल आणि नवं दोनदाच, तर एवढ्याशा फरकानेही घरभर बोंब होते. वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर ही वेळ ८६४०० सेकंद करून बघा, म्हणजे दिवसातून एकदा. तासातासाचं तुटणं थांबलं तर निदान पक्कं.

एका मिनिटाचं गूढ

आता सगळ्यात फसवं दुखणं. ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीतून नाहीसं होतं, राउटरवरचा ५जीचा दिवा विझतो, साधारण मिनिटभराने सगळं आपोआप परत येतं. मध्ये फोन २.४ वर गेला किंवा थेट मोबाइल डेटावर. दिवसातून तीनदा होईल, मग चार दिवस काहीच नाही.

हे डीएफएसचं, म्हणजे रडार ऐकू आलं की चॅनेल सोडण्याच्या नियमाचं, काम. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ रडारसुद्धा वापरतात. म्हणून या चॅनेलवर बोलायला सुरुवात करण्याआधी राउटर ६० सेकंद नुसतं ऐकतो. चालू असताना रडारसारखा स्पंद कानावर पडला तर १० सेकंदांत चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. दुसरं चॅनेलही याच पट्ट्यातलं निवडलं, तर पुन्हा ६० सेकंद ऐकणं आलं. ते तुमचं हरवलेलं मिनिट. हवामान रडारच्या पट्ट्यात, म्हणजे ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये, युरोपच्या नियमांनुसार हे ऐकणं १० मिनिटांचं असतं. राउटरवर तो प्रांत लागलेला असेल तर तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. हे हवेतलं काल्पनिक भांडण नव्हे: मुंबईत वेरावलीला आणि सोलापुरात सी-बँडची हवामान रडार आहेत, आणि सी-बँड म्हणजे हाच शेजार. अर्थात राउटरला दरवेळी खरंच रडार ऐकू येतं असं नाही. शेजारच्या राउटरचा विचित्र स्पंदही त्याला रडार वाटू शकतो, आणि नव्या ड्रायव्हरचा कान जास्त तिखट झालेला असू शकतो.

मग अपडेटशी याचा संबंध काय? संबंध दोन ठिकाणी लागतो. एक, चॅनेल तुम्ही ३६ ठरवून दिलं होतं ते अपडेटनंतर 'ऑटो' झालं. दोन, चॅनेलची रुंदी ८० वरून १६० मेगाहर्ट्झ झाली. हे दुसरं जास्त छुपं आहे. १६० ची सलग पट्टी आपल्याकडे ३६ ते ६४ किंवा १०० ते १२८ यांतूनच बनते, म्हणजे चॅनेल ३६ ठेवूनही राउटर अर्धा डीएफएसच्या अंगणात उभा असतो. खोक्यावर मोठा वेग छापायला १६० बरं दिसतं. घरात मात्र रुंदी ८० करा, चॅनेल ३६ ते ४८ पैकी किंवा १४९ ते १६१ पैकी एक हाताने द्या आणि विषय संपवा. १०० किंवा २०० एमबीपीएसच्या प्लॅनला ८० मेगाहर्ट्झ पुरून उरतं.

२.४ गिगाहर्ट्झवर याहून कडक वागा. रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११. अपडेटनंतर इथे '२०/४० ऑटो' झालेलं हमखास सापडतं. सोसायटीत एका मजल्यावर चार राउटर असताना ४० वापरणं म्हणजे अरुंद जिन्यात कपाट आडवं धरून चढणं. देश किंवा प्रांत हे सेटिंगही बघून घ्या. अपडेटमध्ये ते बदलून अमेरिका झालं तर चॅनेल १२ आणि १३ नाहीसे होतात, आणि उलट बाजूने, राउटर १३ वर गेला तर परदेशातून आणलेल्या काही फोनना किंवा टीव्ही स्टिकला तो दिसतच नाही.

नाव एक, बँड दोन

स्मार्ट कनेक्ट, बँड स्टिअरिंग. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, मतलब एक. २.४ आणि ५ ला एकच नाव द्यायचं आणि कोण कुठे बसणार हे राउटरने ठरवायचं. राउटर आधी सौजन्याने सुचवतो, उपकरणाने ऐकलं नाही तर सरळ संबंध तोडतो, म्हणजे ते दुसऱ्या बँडवर जोडलं जाईल. नव्या फोनना हे कळतं. पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला आणि प्रिंटरला कळत नाही. ते पुन्हा त्याच बँडवर येतात, पुन्हा हाकलले जातात.

आपल्या फ्लॅटमध्ये याला हमखास खतपाणी मिळतं. फायबर मुख्य दारातून आत येते, म्हणून राउटर दाराच्या वर किंवा माळ्यावर ठोकलेला असतो. मागच्या बेडरूमपर्यंत जाताना मध्ये एक आरसीसीची भिंत आणि टाइल्स लावलेलं बाथरूम. तिथे ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलची पातळी उणे ७० डीबीएमच्या (शून्याच्या जितकी जवळ तितकी बरी) आसपास घुटमळते, आणि बऱ्याच राउटरची ढकलाढकलीची सीमारेषाही तिथेच असते. पलंगाच्या या कडेला ५, त्या कडेला २.४. अपडेटने ही रेषा पाच डीबीने जरी सरकवली, तरी कालपर्यंत शांत असलेला फोन येरझारा घालायला लागतो. कॉल नीट चालायला उणे ६७ किंवा त्याहून बरी पातळी लागते, एवढं मोजमाप लक्षात ठेवलं तरी बरंच उलगडतं. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो, अँड्रॉइडवर कुठलंही वायफाय ॲनालायझर चालेल.

उपाय साधा: स्मार्ट कनेक्ट बंद, दोन्ही बँडना वेगळी नावं. निदान तपासणीपुरतं तरी करा. कोणता बँड तुटतोय हे कळल्याशिवाय बाकीची सेटिंग चाचपडणं व्यर्थ आहे.

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असंच एक कोडं असतं. अपडेटनंतर डब्ल्यूपीए२ या सुरक्षेच्या प्रकाराचं 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' झालेलं दिसतं, सोबत पीएमएफ नावाची, जोडणी-तोडणीचे संदेश सुरक्षित ठेवणारी सोय 'रिक्वायर्ड' झालेली. ती सक्तीची झाली की जुने प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि स्वस्त स्मार्ट प्लग जोडलेच जात नाहीत किंवा लॉगमध्ये १५ चा आकडा टाकून गळतात. पीएमएफ 'ऑप्शनल' किंवा 'केपेबल' करा. तेवढ्याने भागलं नाही तर २.४ ला डब्ल्यूपीए२ आणि एईएस हे एन्क्रिप्शन द्या. चुकूनही टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन निवडू नका, वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो. सुरक्षेचा प्रकार बदलल्यावर प्रत्येक उपकरणावर जुनं नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडा. नुसता पासवर्ड तोच आहे म्हणून सोडलं तर काही उपकरणं जुन्या पद्धतीनेच दार ठोठावत बसतात.

वायफाय ६ चा मोड २.४ वर चालू झाला असेल तर तोही बंद करून बघा, ५ वर राहू द्या. इंटेलच्या जुन्या वायफाय कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरना वायफाय ६ चं नेटवर्क यादीत दिसतच नसे. इंटेलने नवे ड्रायव्हर देऊन ते निस्तरलं. म्हणजे एकाच लॅपटॉपला त्रास असेल तर राउटर सोडा, लॅपटॉपचा ड्रायव्हर बदला. ८०२.११आर हे जलद रोमिंगचं सेटिंग एकच राउटर असलेल्या घरात कसल्याही कामाचं नाही, बंद ठेवा. आणि राउटरला मागे यूएसबी ३ चा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर तो काढून बघा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. काही राउटरवर तो पोर्ट यूएसबी २ च्या वेगाने चालवायची सोय असते, आणि अपडेट ती खुशाल पुसून टाकतं.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर किमान अर्धा दिवस थांबा. पाच सेटिंग एकदम बदलून बरं वाटलं, तर कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही.

रीसेट, पण आंधळा नाही

वरच्यातलं काहीच लागू पडलं नाही, तर जुन्या सेटिंगचा गाळ नव्या फर्मवेअरमध्ये अडकलाय असं धरायचं आणि फॅक्टरी रीसेट करायचा. त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड (पडद्यावर ठिपके दिसतात, केबलवाल्याकडून आधीच मागून घ्या), व्हीलॅनचा आकडा असल्यास तो, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जो बहुधा १४९२ असतो, आणि मॅक पत्ता (उपकरणाच्या हार्डवेअरचा ओळख क्रमांक) क्लोन केलेला असेल तर तो. काही सेवादाते मॅक पत्त्याला लाइन बांधून ठेवतात, तो विसरलात तर रीसेटनंतर नेट येणारच नाही.

पिनने बटण १० सेकंद दाबा, मग सगळं हाताने भरा. बॅकअपची फाइल परत चढवू नका. जो गाळ काढायला रीसेट केला तोच त्या फाइलमध्ये असतो. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पूर्वीचेच ठेवले तर बहुतेक उपकरणं आपली आपण जोडली जातात.

एक मोठी सूचना. हे तुमच्या स्वतःच्या राउटरला लागू. सेवादात्याच्या ओएनटीला पिन लावू नका. त्यात तुमच्या जोडणीची ओळख भरलेली असते, ती गेली की लाइनमन येईपर्यंत घर कोरडं.

ओएनटीचं प्रकरण वेगळंच आहे. त्याचं फर्मवेअर सेवादाता टीआर-०६९ या दूरनियंत्रणाच्या पद्धतीने लांबून बदलतो, बरेचदा रात्री, न विचारता. तुम्ही सकाळी उठता तेव्हा तुमच्या राउटरला हातही लागलेला नसतो, तरी वायफाय बिघडलेलं असतं. अशा वेळी ओएनटीच्या पानावर दोन गोष्टी बघा. त्याचं बंद करून ठेवलेलं वायफाय पुन्हा चालू झालंय का? झालं असेल तर तुमच्या राउटरला चिकटून, वीतभर अंतरावर, दुसरा रेडिओ ओरडतोय. आणि तो ब्रिज मोडमधून (ज्यात तो नेट नुसतं पुढे सोडतो) परत राउटर मोडमध्ये गेलाय का? गेला असेल आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वायफाय पूर्ण दिसेल, नेट मात्र धड चालणार नाही. तुमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ सारखा वेगळा ठेवला तर हा घोळ पुढच्या वेळी आपोआप टळतो.

मागच्या आवृत्तीवर परतणं

रीसेटनंतरही तुटतंच असेल तर ड्रायव्हरच फसलाय. कंपनीच्या साइटवर जुनी आवृत्ती शोधा, पण आधी तळाच्या लेबलवरचा हार्डवेअर व्हर्जन वाचा. व्ही१ आणि व्ही२ चं नाव, रूप, खोकं एकच असतं आणि आतली चिप वेगळी. चुकीची फाइल चढली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. प्रांतही जुळला पाहिजे. काही आवृत्त्यांनंतर मागे जाता येत नाही. तसं असेल तर ते बहुधा डाउनलोडच्या पानावरच लिहिलेलं असतं, ते शांतपणे वाचा.

झिप उघडून आतली बिन फाइल काढा. साइटवर एसएचए२५६ (फाइल अस्सल आहे का हे सांगणारा आकडा) दिला असेल तर विंडोजच्या सर्टयुटिल या आज्ञेने पडताळा. लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडा, वायफायवरून फर्मवेअर चढवू नका. राउटर छोट्या यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात दिवे जाण्याचा भरवसा नाही, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर तीच वीट. पाच ते दहा मिनिटं लागू शकतात. पट्टी ९० टक्क्यांवर थांबलेली दिसली तरी हात लावू नका. चढल्यावर पुन्हा एकदा रीसेट.

वीट झालीच तरी लगेच भंगारात टाकू नका. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने फाइल देता येते. रीसेट दाबून ठेवून राउटर चालू केला की तो ती उचलतो. असूसमध्ये पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकायला लागला की रेस्क्यू मोड, लॅपटॉपला १९२.१६८.१.१० द्यायचं आणि कंपनीचंच रिस्टोरेशनचं साधन वापरायचं.

मागे गेलात तर ऑटो अपडेट बंद करा, नाहीतर आज रात्रीच ते परत चढेल. पण कायमचं बंद ठेवा असं मी सांगणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधलं क्रॅक हे छिद्र उघड झालं, मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या व्हायरसने जगभरात सुमारे ५ लाख राउटर पोखरलेले सापडले, मे २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स ही वायफायमधली छिद्रं. असल्या छिद्रांवरचं ठिगळ फर्मवेअरमधूनच येतं. माझी पद्धत अशी सुचवेन: नवी आवृत्ती आली की दोन-तीन आठवडे थांबायचं, चालू आवृत्तीची फाइल आधी उतरवून ठेवायची, आणि शनिवारी सकाळी चढवायची. रविवारी रात्री कधीच नाही.

तक्रार नोंदवायची वेळ आलीच तर 'नेट स्लो आहे' असं सांगू नका, त्यावर रीबूटचाच सल्ला मिळतो. मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन, आधीचा आणि आताचा फर्मवेअर क्रमांक, कोणता बँड, चॅनेल आणि रुंदी, तुटण्याच्या तीन वेळा आणि त्यांच्यासमोरचे रीझनचे आकडे एवढं एका ईमेलात लिहा, लॉगची फाइल जोडा. लेबलचा फोटोही आत्ताच काढून ठेवा. राउटर माळ्यावर असतो आणि लेबल नेमकं भिंतीकडच्या बाजूला.